मोरीतले मुंगळे

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी तोंड धुवाले मोरीत गेलो अन् पाहतो तर काय, कोपऱ्यात काळे मुंगळे! फरशीवरच्या एका सुकलेल्या डागाभोवती पंगतीले बसल्यासारखे गोल धरून बसले होते. हातातली राखुंडी तिथंच सांडली.

आता तुम्ही म्हणाल, बाबनराव, मुंगळे पाहून कोणी घाबरते का? घाबरते ना बाप्पा! तुमच्या घरात मारोतराव झाला नाही म्हणून तुम्ही हसून राहिले.

मारोतराव म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही दोघं हातमागावर बसणारे कोष्टी. एका घरात दोन माग. जन्मभर लुगडी विणली अन् गांधीबागेच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यायले नेऊन विकली. मारोतरावले साखरेची बिमारी झाली ते आमाले आधी डॉक्टरनं नाही सांगितलं, मुंगळ्यायनं सांगितलं. तो जिथं लघवीले बसे तिथं मुंगळे लागत. आम्ही सगळे हसलो. "भाऊ, तुमच्यात गूळ भरला आहे," असंही म्हणालो. मग त्याच्या पायाच्या बोटाले खिळा लागला, बोट चिघळलं, बोट कापलं, मग पाय कापला, मग माणूसच गेला. मागाच्या खड्ड्यात दोन पाय सोडून जन्म काढला त्यानं, अन् जाताना एकच पाय घेऊन गेला. तवापासून मुंगळा पाहिला का माझ्या तोंडचं पाणी पळते.

तो गेला तसा मीही माग बंद केला. त्याले तवा दोन वर्षं झाली होती. गुडघे बोंबलत होते अन् कारखान्याच्या कापडापुढं आमच्या लुगड्याले कोण विचारते? खड्डा मुरूम टाकून बुजवला, वरून सारवलं. पोरगा गिरिधर शहराबाहेर वाडीले एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाले आहे. तिथंच खोली करून बायको-पोरायले घेऊन राहते, सणावाराले येते. घरात राहिलो मी अन् माझी बायको वच्छला.

रिकामा माणूस काय करते? स्वतःले पाहत बसते. मीही बसलो. भावाले झालं ते मले होणारच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. सकाळी कडुनिंबाचा पाला चावाचा. मग मेथीचं पाणी. मग नानाजीसंगं गांधीबागेच्या बगीच्यात चकरा. नानाजी म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याचाही माग बंद झालेला. घरी आल्यावर वच्छलाचा हातआरसा घेऊन उन्हात बसाचं अन् तळपाय तपासाचे, कुठं चीर नाही ना, फोड नाही ना. जेवताना कारलं. अन् गूळ बंद.

गूळ बंद, हे बोलाले सोपं आहे. गुळाचा चहा म्हणजे माझा जीव होता हो! मागावर बसाच्या आधी एक कप अन् दुपारी पाठ सरळ करताना एक कप, अद्रक ठेचून टाकलेला. रात्री ज्वारीच्या गरम भाकरीवर गुळाचा खडा अन् तुपाचा थेंब. मले दुसरा शौक नव्हता. विडी नाही, पत्ते नाही, सिनेमा नाही. तेवढा एक गोडवा होता तोही गेला. बगीच्याच्या फाटकापाशी रुपरावची चहाची टपरी आहे. तिथं नानाजी गुळाचा चहा भुरकत बसे अन् मी फिक्का चहा औषधासारखा ढकलत असो. त्याच्या कपाकडं पाहून माझं डोकं फिरे.

"हळू पी ना गा! काहून एवढा आवाज करून राहिला?" मी खेकसलो का तो मुद्दाम आणखी जोरात भुरके.

वच्छला मले हसे. "तुमाले काही झालं नाही जी. तुमाले भेव झालं आहे."

"तू हस. माझा पाय कापला का मग हसशील का?"

"शुभ बोला जरा! अन् हा गूळ कोणी संपवाचा? महिन्याचा आणून ठेवला. दोघांच्या वाट्याचा मलेच खा लागते." अन् खडा तोंडात टाके. मले आणखी राग ये. माझ्यासमोर बसून माझाच गूळ खाऊन राहिली ही!

खरं सांगू का, त्या दिवसात तिचं अन् माझं रोज वाजे. रात्री ती चारदा उठे. एकदा माठ वाजे, एकदा मोरीचं दार वाजे. माझी झोप मोडे. म्हाताऱ्या माणसाले झोप किती मोलाची असते! मी म्हणो, "थंडीच्या दिवसात एवढं पाणी कोण पिते वं?"

"घसा सुकते जी."

"मग दिवसा पी ना!"

दिवसाही ती आता बसूनच राहे. झाडलं का बसली, चूल पेटवली का बसली. पोळ्याच्या सणाले वडे तळताना तेलाचा थेंब पायावर उडाला होता, तो पाय अजून कपड्यात गुंडाळलेला. मी तिले भाषण दिलं, "मले पाह, या वयात रोज चालून राहिलो. तू बसून राहते म्हणून तुझी जखमही बसून राहिली." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत. मले वाटलं, बरं झालं, जरा हलकी झाली. असा मी हुशार माणूस.

तर ते मुंगळे.

पहिल्या दिवशी मी कोणाले काही बोललो नाही. चुलीवरचं गरम पाणी आणून मोरीत ओतलं. वरून फिनाइल टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट दोन रांगा! म्हणजे सुरू झालं. मारोतरावसारखंच सुरू झालं.

त्या दिवसापासून मी मोरीत लघवीले बसणं बंद केलं. वच्छलाले दिसू नये म्हणून. रात्री लागली का कंदील घ्याचा, कान बांधाचे अन् गल्लीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाचं. नागपूरची थंडी तुमाले माहीत आहे. दात वाजत. कुत्रे मागं लागत.

"रात्री कंदील घेऊन कुठं जाता जी?" तिनं विचारलं.

"हवा खायले."

"येवढ्या थंडीत?"

"माझी हवा आहे, मी खाईन. तुले काय करा लागते?"

अन् तरी सकाळी मुंगळे हजर! मी म्हटलं, झालं, आपली साखर फरशीत मुरली. एवढी साखर! हळूहळू मले तळपायाले मुंग्या येऊन राहिल्यासारखं वाटाले लागलं. चिमटा काढून पाही. सुई टोचून पाही. टोचलं का दुखे, दुखलं का बरं वाटे. पुन्हा घटकाभरानं वाटे, मघापेक्षा कमी दुखलं का? बगीच्यात चालताना नजर पायाकडंच. झाडावर काय फुललं अन् बेंचावर कोण बसलं, काही दिसत नव्हतं. नानाजी बोले ते ऐकू येत नव्हतं.

मरणाचं भेव नव्हतं एवढं. पाय जाण्याचं होतं. ज्याले दुसऱ्यानं उचलून मोरीत नेऊन बसवावं लागते त्याचं काय जगणं? मारोतरावले मीच उचलत होतो, मले माहीत आहे. तो शरमेनं डोळे मिटून घे. माझी वच्छला मले उचलेल? तिचे हात पाहा. अन् मी गेल्यावर त्या घरात ती एकटी काय करेल? तिले तर रेडिओसुद्धा लावता येत नाही. हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवसभर तिच्यावर खेकसत राहो.

शेवटी एक दिवस नानाजीजवळ पोटातलं ओठावर आलं. तो चालता चालता थांबला.

"अबे बाबन्या, मग डॉक्टरले दाखव ना! इतवारीत बसते तो, तपासून देते."

"दाखवलं अन् निघाली तर?"

"निघाली तर गोळ्या खाशील."

"अन् नाही दाखवलं तर निघणारच नाही."

नानाजीनं कपाळावर हात मारला. पण माझं म्हणणं काही चूक होतं का? जोपर्यंत डॉक्टर बोलत नाही तोपर्यंत माणूस आपला चालत-फिरत असते. मारोतराव डॉक्टरकडं गेला तवापासूनच बिमार झाला होता.

दोन दिवसांनी सकाळी मी उठलो तर वच्छला मोरीच्या तोंडाशी झाडू घेऊन उभी. खाली मुंगळे. ती माझ्याकडं पाहून राहिली होती अन् तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"हे काय आहे जी?"

"मुंगळे आहेत. दिसत नाही का?"

"मारोतभाऊजीच्या वक्ताले असेच..." झाडू टाकून तिथंच उंबऱ्यावर बसली अन् पदर तोंडाले लावला. "मी तुमाले हसत होती. तुमच्यासमोर बसून गूळ खात होती. माझ्या जिभेले आग लागो!"

"अवं, रडू नको."

"आजच्या आज डॉक्टरकडं जा. माझी शपथ आहे तुमाले."

"तू चाल संगं."

"मले नाही चालवत जी तेवढं. पाय ठणकून राहिला. नानाजीले घेऊन जा. पण जा."

तिनं शपथ घातली म्हणून गेलो, नाही तर मी गेलो नसतो. रस्ताभर नानाजी बोलत होता अन् मी आपला पायाकडं पाहत होतो. डॉक्टरनं बाटलीत लघवी घेतली. काचेच्या नळीत निळं औषध होतं, त्यात थेंब टाकले अन् नळी दिव्यावर धरली.

"हे निळंच राहिलं तर साखर नाही," डॉक्टर म्हणाले. "हिरवं-पिवळं झालं तर थोडी आहे. विटेसारखं लाल झालं तर खूप आहे."

रंग पाहण्यात माझा जन्म गेला. सूत रंगवून आलं का उन्हात धरून मी सांगे, यात पाणी जास्त झालं, यात रंग कमी पडला. पण त्या नळीकडं पाहताना माझे डोळे काम करत नव्हते. औषध उकळाले लागलं. मले आधी हिरवं दिसलं. मग लाल दिसलं. मी डोळे मिटून घेतले.

"काका, डोळे उघडा. निळं आहे."

"नीट पाहा डॉक्टरसाहेब."

"नीट पाहूनच सांगतो. तुम्हाला काही झालेलं नाही. रोज चालता ते फार चांगलं करता. चालत राहा, सगळं खा, बेतानं खा. गुळाचा चहा घ्या एखादा, मजेत राहा."

जीव भांड्यात पडला! पण भेव असं एकदम जात नाही. मी विचारलं, "मग मुंगळे काहून येतात?"

डॉक्टर म्हणाले, "घरात तुमच्याशिवाय दुसरं..."

अन् तेवढ्यात माझ्याच डोक्यात उजेड पडला. "खळ!" मी ओरडलोच. "अरे, खळ ना! नानाजी, आपण दोघंही गाढव आहोत!"

डॉक्टरले समजलं नाही, म्हणून मी समजावून सांगितलं. विणाच्या आधी ताण्याच्या उभ्या सुताले खळ द्या लागते, म्हणजे तांदळाची पातळ पेज लावून कुंच्यानं साफ करा लागते, तवा सूत कडक होते. ते हात, ते कुंचे, ती खळीची गंजं-पातेली आम्ही चाळीस वर्षं त्याच मोरीत धुतली. बापाच्या वक्तापासून. कोष्ट्याच्या मोरीले मुंगळे नाही लागणार तर कोणाच्या लागणार? भावाचं आठवून आठवून मी आपला धंदाच विसरलो होतो! नानाजी पोट धरून हसला. डॉक्टरही हसले. त्यांचं अर्धं राहिलेलं बोलणं मग अर्धंच राहिलं.

बाहेर आलो तर नागपूर वेगळंच दिसून राहिलं होतं. हातगाड्यांवर संत्र्याचे ढीग, सालीचा तो आंबट-गोड वास. ऊन पाठीवर असं कोमट की वाटलं इथंच रस्त्यात बसावं. गांधीबागेतून जाताना दुकानांसमोर कापडाचे गठ्ठे उतरत होते, कोणी व्यापारी ओळखीनं "रामराम बाबनराव" म्हणाला, मी त्याले दोन्ही हातांनी रामराम केला. रुपरावच्या टपरीवर बसलो अन् म्हटलं, "दे गा, गुळाचा. अद्रक टाकून." पहिला घोट घेतला अन् काय सांगू, डोळ्यात पाणी आलं. अन् मी नानाजीपेक्षा जोरात भुरकलो.

घरी जाताना अर्धा किलो बर्फी घेतली. म्हटलं, वच्छलाचं तोंड गोड करू.

ती दारात उन्हात बसली होती, पाय लांब करून. मले पाहिलं अन् उठाले गेली पण उठवलं नाही. मी लांबूनच ओरडलो, "निळं! निळं ते निळंच!" तिले निळं काय समजणार? मग जवळ जाऊन सांगितलं, साखर नाही, काही नाही, डॉक्टर म्हणाला मजेत राहा. ती रडली, हसली, देवाकडं पाहून हात जोडले. मी माझ्या हातानं तिच्या तोंडात बर्फी भरवली. ती खाऊन तिनं स्वतःच दुसरी घेतली. "सकाळपासून गोडाले हात नव्हता लावला जी, तुमच्या काळजीनं," म्हणाली. "पाणी द्या बरं. घसा सुकला."

मी तांब्या भरून दिला. तिनं सगळा तांब्या एका दमात रिकामा केला. "अजून द्या."

दुसरा तांब्या भरता भरता मी तिले खळीचं सांगितलं. मोठ्या थाटात, हात नाचवून. "आहे का नाही गंमत? चाळीस वर्षांची खळ मोरीच्या दगडात मुरली. मुंगळे बिचारे तिच्याच वासानं येऊन राहिले!"

ती बर्फी चघळत म्हणाली, "कोणत्या दगडात जी? जुने दगड तर गिरिधरनं दिवाळीले उपटून फेकले ना. नवीन फरशी नाही का बसवली त्यानं? खालची माती बी बदलली. अन् खळ बंद होऊन दोन वर्षं झाली."

मी तांब्या खाली ठेवला.

नवीन फरशी. खळ नाही. अन् मी? मी तर थंडीत कंदील घेऊन गल्लीच्या टोकाले जाऊन राहिलो होतो. मोरीत मी लघवीले बसतच नव्हतो! तरी रोज सकाळी मुंगळे. मग त्या मोरीत रात्री जात होतं कोण? माठ कोणाच्या हातानं वाजत होता? डॉक्टर काय विचारून राहिले होते, घरात दुसरं कोण?

वच्छलानं तिसरी बर्फी उचलली. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली.

"अगा माय! एक जास्त खाल्ली तर जीव चालला का तुमचा?" ती रागावली. मग माझ्या तोंडाकडं पाहून थांबली. "काय झालं जी?"

मी खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला अन् कपडा सोडला. पोळ्याची जखम, अन् आता संक्रांत आली होती. ओली होती. कडेनं काळी पडली होती. दोन वर्षं मी हातआरसा घेऊन तळपाय पाहिले. माझे. तिचा पाय हातभर अंतरावर होता.

"वच्छला, उद्या डॉक्टरकडं जाचं आहे."

"आता कशाले? तुमाले काही नाही म्हणाले ना?"

"मले नाही म्हणाले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. तेच डॉक्टर, तसंच निळं औषध. या वेळेस मी डोळे मिटले नाहीत. औषध हिरवं झालं, पिवळं झालं, अन् मग पक्क्या विटेचा लाल रंग चढला. आमच्या धंद्यात तसा रंग उतरला का माणूस खूश होत होता. वच्छला कौतुकानं पाहून म्हणाली, "किती सुंदर रंग आला जी." मी तिचा हात घट्ट धरला. मले रडू आलं अन् मी लपवलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. पाय वाचेल, रोज ड्रेसिंग करा लागेल. गोळ्या, पथ्य, अन् जखम भरली का चालणं. मी विचारलं, नक्की वाचेल ना? ते म्हणाले, काळजी घेतली तर. त्या 'तर'वर मी दोन महिने काढले. रोज तिचा पाय मांडीवर, हातआरसा कोनाड्यात उपडा. कारलं मी चिरलं, मेथी मी भिजवली. ती शिव्या देई, "मले हा पाला खाऊ घालता अन् स्वतः सुटले!" शिव्या ऐकून बरं वाटे. गप्प बसली का मी पुन्हा तिचा पाय उघडून पाही.

फाल्गुनात जखम कोरडी झाली. एका सकाळी मी तिले बगीच्यात घेऊन गेलो. एकच चक्कर, बेंचावर बसत बसत. नानाजी मुद्दाम हळू चालला. मग रुपरावच्या टपरीवर आलो. माझा नेहमीचा म्हणून रुपराव गुळाचा चहा गाळून राहिला होता.

"दोन फिक्के दे गा," मी म्हटलं.

"तुमाले काहून फिक्का? तुमी तर सुटले ना काकाजी?"

"तुले सांगितलं तेवढं दे ना बे!"

वच्छलानं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "छी बाई! दोन वर्षं हेच पिऊन राहिले होते तुम्ही?"

मी मोठा घोट घेतला, जोरात भुरकलो अन् म्हटलं, "आज तर रुपरावनं भल्लाच गोड केला वं."

"खोटारडे," ती म्हणाली, अन् फुंकर घालून दुसरा घोट घेतला.